मत गावाला ठेवायचं की मुंबईला?

लोकसभेच्या निवडणुकीचं वारं सुटलं की हा प्रश्न ठरलेला. "आम्ही राहतो भांडुपला, घर लांज्याला. मत कुठे ठेवू?" कधी विचारणारे डोंबिवलीचे असतात, कधी नालासोपाऱ्याचे. गाव कधी गुहागर, कधी कुडाळ. तगमग मात्र एकच. गावच्या यादीतून नाव काढलं तर घरावरचा हक्क सुटल्यासारखं वाटतं, आणि ठेवलं तर मतदानाच्या दिवशी पोचणं होत नाही. "नाव गावाकच असांदे," म्हणून घरातली मोठी माणसं विषय संपवतात आणि मत पुन्हा एकदा वाया जातं.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते: वर्षातले बहुतेक दिवस जिथे राहता, तिथे नाव ठेवा. मुंबईत राहत असाल तर मुंबईत.

हे माझं मत आहे आणि कायदाही तेच सांगतो. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार होण्याची अट 'सर्वसाधारण रहिवासी' असण्याची आहे. कलम 20 मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव, घरपट्टीची पावती, गणपती आणि शिमग्याला उघडणारं घर, हे सगळं असूनही मतदारयादीचा हक्क त्यातून येत नाही. त्याच कलमात दुसरी बाजूही आहे: तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी राहतोच. त्यामुळे जहाजावर जाणाऱ्या खलाशाचं नाव गावात राहू शकतं. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घर किंवा वसतिगृह यांतलं एक निवडता येतं. आखातात नोकरीला असलेल्या भारतीय नागरिकांसाठी फॉर्म 6 अ वेगळा आहे. त्यांचं नाव पासपोर्टवरच्या पत्त्यावर लागतं, आणि मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं.

दोन्हीकडे नाव ठेवण्याचा विचार मनातून काढून टाका. 2024 ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान 7 मे रोजी होतं, मुंबई-ठाण्याचं 20 मे रोजी. मधे तेरा दिवस, म्हणून कित्येकांना वाटलं की दोन्हीकडे जमेल. दोन मतदारसंघांत नाव असणंच कलम 17 ने निषिद्ध आहे. अर्जात खोटं निवेदन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि दोन मतदारसंघांत मत दिलंत तर दोन्ही मतं रद्द धरली जातात.

गावात नाव ठेवण्यामागचं खरं कारण लोकसभा नसतंच, ते ग्रामपंचायत असतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडून करतात. नाव मुंबईला गेलं की सरपंचाच्या निवडणुकीतलं मतही गेलं. भावकीला ते नको असतं, आणि अटीतटीच्या वाडीत दहा मतांनी निकाल फिरतो हेही खरं. हे नुकसान मी कमी लेखत नाही. तरी मला वाटतं, वाडीच्या विहिरीवर पाणी कधी सोडायचं हे एप्रिलमध्ये तिथे हंडा घेऊन उभं राहणाऱ्या बाईने ठरवावं. मुंबईकरांनी सल्ला द्यावा, देणगी द्यावी, मत तिला देऊ द्यावं.

आता नाव हलवायचं कसं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात.

ज्याचं नाव आधीच कुठल्याही यादीत आहे, त्याने फॉर्म 8 भरायचा. 2022 च्या ऑगस्टपासून पत्ता बदलणं, नावातली चूक, नवं कार्ड आणि दिव्यांग असल्याची नोंद, या सगळ्यासाठी हा एकच फॉर्म आहे. फॉर्म 6 फक्त आयुष्यात पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. लोक मुंबईत नवीन फॉर्म 6 भरतात, गावचं नाव तसंच राहतं आणि दोन नोंदी तयार होतात. पुढे तपासणीत एकसारखे फोटो आणि नावं जुळली की एक नोंद उडते. ती कोणती, हे तुमच्या हातात राहत नाही. फॉर्म 8 भरला तर जुनी नोंद जाऊन नवी लागते आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

पुरावा सध्याच्या पत्त्याचा हवा: आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, किंवा किमान वर्षभराचं वीज, पाणी वा गॅसचं बिल. भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं इथे अडतं, कारण करार साध्या स्टँप पेपरवर असतो. नोंदणी केलेला करार लागतो. म्हणून आधी पासबुकावरचा पत्ता बदलून घ्या. अर्ज ऑनलाइन केला तरी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन खात्री करतात, आणि नवरा-बायको दोघंही कामावर असली की दाराला कुलूप दिसतं. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, अर्जात चालू मोबाईल नंबर द्या आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवून दर आठवड्याला स्थिती बघा. नावावर हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत असते, त्याआधी निर्णय होत नाही.

लग्न झालेल्या मुलींचं नाव माहेरच्या यादीत वर्षानुवर्षं पडून असतं. त्यांनाही फॉर्म 8 च. आडनाव बदललं असेल तर ती दुरुस्तीही त्यातच करता येते.

ओळखपत्र कपाटात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. सगळ्यात जास्त निराशा याच गैरसमजातून येते. घर वर्षभर बंद दिसलं की नाव 'स्थलांतरित' म्हणून वगळलं जाऊ शकतं. त्याआधी नोटीस निघायला हवी, आणि ती निघतेही, पण जाते त्याच बंद घराच्या पत्त्यावर. पडवीत पडलेली नोटीस गणपतीला सापडते.

यादी एकदा स्वतः उघडून बघा. प्रत्येक नावाची एक चौकट: अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. वगळलेल्या नावाच्या चौकटीवर तिरका शिक्का असतो आणि कडेला इंग्रजी अक्षर: एस म्हणजे स्थलांतर, ई म्हणजे मयत, आर म्हणजे दुबार. यादीच्या शेवटी पुरवणी असते, तिथपर्यंत जायला विसरू नका, नवी नावं तिथेच सापडतात. आणि निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर शोधताना ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची चाळीस माणसं, त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. नावाने शोधलं की सापडत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. पोर्टल जमत नसेल तर 1950 ला फोन करा.

नाव चुकीने उडवलं असेल तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे सगळं निवडणुकीच्या आधी करायचं. उमेदवारांनी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव चढत नाही, आणि वरचे सात दिवस धरले तर तुमचा अर्ज त्याच्या निदान दहा दिवस आधी जायला हवा. 2024 ला रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 19 एप्रिल होती, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत अर्ज गेला तो गेला. शिमग्याला पालखी नाचवायला गावी जाता, तेव्हाच घरातल्या सगळ्यांची नावं तपासून घ्या. मतदानाच्या आदल्या दिवशी बीएलओला शिव्या देऊन काही होत नाही. बहुतेकदा त्या अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षिका असतात आणि यादी उघडण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

ज्यांचं नाव खरोखरच गावात असायला हवं, त्यांनी तिकिटाचा विचार आधी करावा. 2024 ला तारखा 16 मार्चला जाहीर झाल्या आणि मतदान 52 दिवसांनी आलं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे तारीख कळेपर्यंत मे महिन्याच्या गाड्या आंबे-फणसाच्या गर्दीने भरलेल्या असतात. एसटी धरा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा 1951 च्या कायद्यातल्या कलम 135 ब चा हक्क आहे, नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी.

यावर पुढचा प्रश्न येतो, आणि तो रागाने येतो: "मुंबईत मत देऊन गावाला काय मिळणार? मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून खोदून ठेवलाय."

राग रास्त आहे. पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं चौपदरीकरण तेव्हा सुरू झालं, आणि त्या पट्ट्यात ज्यांनी गणपतीच्या गर्दीत सात-आठ तास काढलेत त्यांना कोणी सबुरी शिकवू नये. पण हा राष्ट्रीय महामार्ग आहे, पैसा केंद्राच्या खात्यातून येतो, आणि त्या गर्दीत अडकणारे बहुतेक लोक मुंबई, ठाणे, कल्याण, पालघरचे मतदार असतात. हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क भांडुपच्या आणि डोंबिवलीच्या मतदाराला आहे, तिथल्याच उमेदवाराला. कोकण रेल्वेचंच बघा. 1990 मध्ये महामंडळ उभं राहिलं तेव्हा अर्थमंत्री राजापूरचे मधु दंडवते होते खरे, पण रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस बिहारच्या मुझफ्फरपूरमधून निवडून आलेले होते. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू झाला. खासदार कुठला आहे यापेक्षा त्याच्याकडे काय मागितलं जातं, याला वजन असतं.

म्हणून मागणी योग्य दारी न्या. गाडीचा थांबा, कोकण रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्ग, सागरी किनारा नियमन, पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र, जैतापूरचा अणुप्रकल्प हे लोकसभेचे विषय. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, त्यापलीकडची केंद्राची. त्यामुळे एलईडी लावून मासे पकडणाऱ्या नौकांबद्दल दोघांनाही विचारावं लागतं. आंबा-काजूच्या हवामान आधारित विम्याच्या हप्त्यात दोन्ही सरकारांचा वाटा असतो, तिथेही तसंच. पटसंख्येअभावी बंद पडणारी शाळा आणि ग्रामीण रुग्णालयातलं डॉक्टरांचं रिकामं पद राज्याचं, पाखाडी (वाडीतली दगडी पायऱ्यांची वाट) आणि वाडीतला दिवा ग्रामपंचायतीचा. "खासदाराने आमच्या वाडीची पाखाडी बांधली नाही" ही तक्रार ऐकली की वाईट वाटतं, कारण तेवढ्यावर मत ठरतं आणि रेल्वेचा प्रश्न कोणी विचारतच नाही. खासदार निधी वर्षाला 5 कोटी. सहा विधानसभा क्षेत्रांत वाटला तर प्रत्येकी 83 लाख. त्यात पाखाड्या किती होतील याचा हिशोब तुम्हीच करा.

आपला खासदार कोण, हेही तपासा. दापोली, मंडणगड, खेड, गुहागर हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातले, पण लोकसभेला ते रायगड मतदारसंघात आहेत. उरण, पनवेल, कर्जत रायगड जिल्ह्यात, पण खासदार मावळचा. सभेत भलत्याच माणसाला प्रश्न विचारून परत येणारे कमी नाहीत.

मतदानाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. बीएलओने दिलेली चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांतलं एक न्या. बंद घरामुळे नाव 'गैरहजर, स्थलांतरित, मयत' यादीत गेलं असेल तरी, मूळ यादीतून वगळलेलं नसेल तर मत देता येतं. ओळख पटवून सही-अंगठा द्यावा लागतो, एवढंच. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, ते कागदी मतपत्रिकेवर घेतलं जातं. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघूनच बाहेर पडा. आणि सहा वाजता रांगेत असाल तर मत मिळतंच. त्या वेळी शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणून रांग सोडून पाणी प्यायला जाऊ नका.

राहता राहिले गावातले म्हातारे आईवडील. घाटी चढून शाळेपर्यंत जाणं मे महिन्याच्या उन्हात त्यांना जमत नाही. वय 85 च्या वर असेल किंवा दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर घरून मत देता येतं. त्यासाठी फॉर्म 12 ड. तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा असतो, आणि बहुतेक घरांत हीच मुदत हुकते. अधिसूचनेची तारीख निवडणूक जाहीर होते त्याच दिवशी कळते, ती फोनवर लावून ठेवा आणि गावच्या बीएलओचा नंबर शेजाऱ्याकडून आधीच मागून घ्या. अर्ज मंजूर झाला की पथक दिवस कळवून घरी येतं. मतपत्रिका कागदी असते, आणि ती भरताना पथकाने बाजूला उभं राहायचं असतं. एकदा हा पर्याय घेतला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, म्हणून अर्ज करण्याआधी आईला विचारा. कित्येकींना शाळेत जाऊन, चारचौघींत बोटाला शाई लावून घ्यायची असते. तसं असेल तर फॉर्म भरू नका, सकाळी सातला रिक्षा सांगून ठेवा.