बुकवर्म ते ट्रिक्सी: आधीची वही, नंतरची वही

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमची १३ वी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, आली तेव्हा करी रोडला आमच्या मंडळाची पावतीपुस्तकं नुकतीच छापून आली होती. वर्गणीची यादी, देणगीदारांची पत्रं, रोजचा जमाखर्च, सगळं माझ्याच लॅपटॉपवर लिब्रेऑफिसमध्ये असतं. गणपतीच्या तोंडावर या मशीनला हात लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. घाईही नव्हती. माझ्याकडच्या डेबियन १२ ला, म्हणजे ‘बुकवर्म’ला, सुरक्षा-अपडेट जून २०२६ पर्यंत मिळणार होते आणि त्यापुढे एलटीएस, म्हणजे लांब मुदतीचे अपडेट, २०२८ पर्यंत. म्हणून अपग्रेड विसर्जनानंतर करायचं ठरवलं, चाचणीची तयारी मात्र ऑगस्टपासूनच सुरू केली. योगायोग असा, की १३.१, म्हणजे पहिली दुरुस्ती-आवृत्ती, बाहेर पडली ती नेमकी अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला. त्या दिवशी मी मिरवणुकीत होतो, मला ते सोमवारी कळलं.

मशीन लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेलं आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. डेस्कटॉप केडीई प्लाझ्मा. म्हणजे प्लाझ्मा ५.२७ वरून ६.३ वर, कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१ वरून ६.१२ वर आणि लिब्रेऑफिस ७.४ वरून २५.२ वर उडी मारायची होती.

आधीची वही

अपग्रेडच्या आधी मशीन कसं होतं हे लिहून ठेवलं नसेल, तर नंतर ‘जरा हळू वाटतंय’ याला काही अर्थ उरत नाही. म्हणून मी खरोखरीची कागदी वही घेतो. डाव्या पानावर आधी, उजव्या पानावर नंतर.

ऑगस्टच्या शेवटी पेनड्राइव्हवर ट्रिक्सीची लाइव्ह इमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी प्रत) टाकली आणि डिस्कला हात न लावता वायफाय, ब्लूटूथ, आवाज आणि झाकण मिटल्यावर झोपणं-उठणं तपासलं. बुकवर्मपासून अधिकृत इमेजमध्येच फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर) येत असल्यामुळे वायफायसाठी वेगळी खटपट लागली नाही. सगळं पास.

मग डावं पान भरलं. बूटचा वेळ मोजणाऱ्या सिस्टमडी-ॲनालाइझ आदेशाप्रमाणे बूटला २३ सेकंद, लॉगिननंतर पाच मिनिटांनी १.१ जीबी मेमरी वापरात, स्वॅपीनेस (रॅममधलं डिस्कवर किती सहज हलवायचं, तो आकडा) १०, डिस्कवर ७१ जीबी मोकळी. मंडळाच्या २४ पानी अहवालाची पीडीएफ काढून बाजूला ठेवली, नंतर पानं पुढे-मागे सरकली का ते पडताळायला.

आणि माझं ठरलेलं चाचणी-वाक्य: ‘ऑगस्टमध्ये आचार्यांनी दर्याकाठच्या आचाऱ्यांना लाल शाल, ॲल्युमिनियमची पळी आणि ज्ञानकोश दिला.’ यात ‘आचार्य’मधला रफार आणि ‘आचारी’च्या रूपातला अर्धा ऱ शेजारी शेजारी येतात. तो फरक पुसला गेला की अर्थच बदलतो. ‘लाल शाल’ घेतलं ते फाँट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो की हिंदी वळणाचे, हे कळायला. फाँटमध्ये दोन्ही रूपं असली तरी मजकुराची भाषा मराठी नोंदलेली नसेल, तर बऱ्याचदा हिंदी वळणच दिसतं. हे वाक्य पेस्ट करायचं नाही, प्रत्येक ॲपमध्ये टाईप करायचं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. ब्राउझर, रायटर, नोट्सचं ॲप, फाईलचं नाव आणि टर्मिनल (आदेश लिहायची खिडकी) अशा पाच जागा. पहिल्या चारांत बरोबर, टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली. तशीच नोंद केली.

१४ सप्टेंबर, रविवार

शनिवारी रात्री बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यातल्या दोन फाईली परत उघडून पाहिल्या. बुकवर्म आहे त्या जागी अद्ययावत केलं. एका ब्राउझरची बाहेरची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं कोठार) तात्पुरती बंद केली, मग सॉफ्टवेअर कुठून आणायचं ते सांगणाऱ्या सोर्सेस फाईलमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहून पॅकेजं फक्त डाउनलोड करून ठेवली. रविवारी सकाळी पाऊस कोसळत होता आणि चाळीत दोनदा वीज गेली. बॅटरी होती आणि पॅकेजं डिस्कवर होती, म्हणून पुढे जायचं ठरवलं.

आधी नवी पॅकेजं न आणता साधं अपग्रेड, मग फुल-अपग्रेड, रिलीज नोट्समध्ये सांगितलेल्या क्रमानेच. मधेच एपीटीची, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या आदेशाची, आवृत्ती ३ आली आणि यादी रकान्यांत, रंगीत दिसायला लागली. काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात वेगळी दिसतात. ती यादी मी एकेक नाव वाचून मगच होकार दिला. सगळं मिळून दीड तास. शेवटी एपीटीच्याच मॉडर्नाइज-सोर्सेस आदेशाने सोर्सेस फाईल नव्या मांडणीत आणली. रीबूट. लॉगिन आलं.

नंतरची वही

बूट २१ सेकंद, मेमरी १.३ जीबी. अहवाल २४ पानीच राहिला, एकही ओळ हलली नाही. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

चाचणी-वाक्य मात्र पहिल्याच शब्दाला अडलं. लॉगिनच्या पडद्यावर या वेळी मी वेलँड (पडदा रंगवणारी नवी व्यवस्था) निवडलं होतं आणि आयबसचं, म्हणजे भाषा टाईप करायच्या साधनाचं, मराठी काही ॲपमध्ये उमटेना. ब्राउझरमध्ये उमटायचं, नोट्समध्ये इंग्रजीच यायचं. कारण माझ्याच जुन्या सेटिंगमध्ये सापडलं. वेलँडच्या आधीच्या एक्स-११ च्या काळात जीटीके आणि क्यूटी या दोन प्रकारच्या ॲपसाठी इनपुट-मेथडची व्हेरिएबल्स मी फाईलमध्ये लिहून ठेवली होती. प्लाझ्माच्या वेलँडमध्ये आयबस डेस्कटॉपनेच सुरू करायचा असतो. सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर ‘आयबस वेलँड’ निवडलं, जुन्या ओळी काढल्या, लॉगआउट करून परत आलो. पाचही जागी टाईप झालं. आचार्य आणि आचारी आपापल्या जागी, शाल मराठी वळणाची. टर्मिनल जसं होतं तसंच. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हटल्यावर पडद्यावरचा कीबोर्ड डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे ही जागा शोधूनही सापडत नाही. मराठी टाईप करणाऱ्यांनी ती आधीच पाहून ठेवा.

स्वॅपीनेस १० चा ६० झाला होता. माझी ओळ कर्नलच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या सिसकंट्रोलच्या मुख्य कॉन्फ फाईलमध्ये होती आणि ट्रिक्सीत बूटच्या वेळी ती फाईल वाचलीच जात नाही. तीच ओळ सिसकंट्रोल-डी फोल्डरमध्ये वेगळी फाईल करून ठेवली. डाव्या पानावर १० लिहिलेलं नसतं तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

१७ सप्टेंबर

खरा धडा आज मिळाला. मंडळाच्या जुन्या हिशोबाच्या वह्या मी स्कॅन करतोय. पावसाळ्यात कपाटात ओल येते, दोन वह्यांना बुरशी लागलीय आणि एकीची कड कसरीने खाल्लीय. म्हणून रंगीत, ६०० डीपीआयने. माझी स्क्रिप्ट (आदेशांची छोटी फाईल) पानं आधी टीएमपी या तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये टीआयएफएफ चित्रं म्हणून जमा करते, मग सरळ करून एकत्र बांधते. आज तिसाव्या पानाला माऊस अडखळायला लागला आणि चाळिसाव्याला ‘जागा नाही’ म्हणून स्क्रिप्ट थांबली. डिस्कवर तर साठ जीबीच्या वर मोकळी होती.

टीएमपीचा आकार पाहिला: ३.९ जीबी. ट्रिक्सीत टीएमपी मुळातच रॅममध्ये असतो आणि त्याची मर्यादा रॅमच्या निम्मी असते. आता हिशोब करा. ए-फोर पान ६०० डीपीआयला साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ बिंदू, प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणजे एका पानाला जवळजवळ १०० एमबी. एकोणचाळीस पानांत टीएमपी भरला आणि त्याचबरोबर निम्मी रॅमही गेली. रिलीज नोट्समध्ये हे लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलंही होतं. पण माझी स्क्रिप्ट कुठे लिहिते, हे डाव्या पानावर नव्हतं.

टीएमपीचं रॅममधलं माउंट मास्क करून, म्हणजे बंद करून, सगळं जुन्यासारखं डिस्कवर नेता येतं. मी तसं केलं नाही. बाकीच्या छोट्यामोठ्या तात्पुरत्या फाईलींसाठी रॅमच बरी, एसएसडीवरचं लिखाणही कमी होतं. फक्त स्क्रिप्टमध्ये तात्पुरतं फोल्डर डिस्कवर असलेल्या, व्हार फोल्डरखालच्या टीएमपीकडे वळवलं. दुसऱ्या प्रयत्नात चौसष्ट पानं सलग उतरली, माऊस एकदाही अडला नाही.

संध्याकाळी खजिनदार काकांना वहीची पीडीएफ दाखवली. त्यांनी पान मोठं केलं, बोटाने ओळ धरली आणि म्हणाले, “अरे बाळा, हे तर माझ्या वडिलांचं अक्षर. सव्वा रुपया वर्गणी बघ.”

उरलेलं

कोण कधी लॉगिन झालं ते दाखवणारा लास्ट आदेश आता नाही, त्याची जागा डब्ल्यूटीएमपीडीबीने घेतलीय, माझी एक छोटी स्क्रिप्ट त्यासाठी बदलायची आहे. पायथन ३.११ चं ३.१३ झाल्यामुळे दोन व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनची स्वतंत्र फोल्डरं) नव्याने बांधायला लागतील. मंडळाच्या कचेरीतला संगणक अजून बुकवर्मवरच आहे. त्याला यंदाचा ताळेबंद सादर झाल्यावरच हात लावेन. त्याच्या डाव्या पानावर या वेळी आणखी एक रकाना आखलाय: कुठली स्क्रिप्ट कुठे लिहिते.