आमची वाटचाल : डाग नेमका कुठे आहे?

पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. माझे सासरे तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पूर ओसरल्यावर नारायण पेठेत, शनिवार पेठेत वाड्यांसमोर चिखलाने माखलेली कपाटं, पलंग, देव्हारे काढून ठेवलेले होते. ओळखीतल्या एका पॉलिशवाल्या मिस्त्रींना हाताखाली पोऱ्या हवा होता, म्हणून अण्णा त्यांच्याकडे गेले. पहिल्या दिवशी काम मिळालं ते उन्हात मांडलेलं सामान उचलून सावलीत नेण्याचं. लोकांनी लवकर वाळावं म्हणूनच ते उन्हात ठेवलं होतं. पण भिजलेलं लाकूड उन्हात वरून झटकन वाळतं आणि आत ओलंच राहतं. वरचा थर आकसतो, आतला फुगलेला असतो, आणि फळी तडकते. आमचा लाकडी सामानाच्या पॉलिशचा व्यवसाय सुरू झाला तो असा, ओलं सामान सावलीत उचलून ठेवण्यापासून.

पुढे अण्णांनी शुक्रवार पेठेत दोन खोल्या घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. मी लग्न होऊन आले ती बी.एस्सी. करून, विषय रसायनशास्त्र. घर आणि कारखाना एकाच चौकात, त्यामुळे सकाळी डोळे उघडायचे ते स्पिरीटच्या वासाने. रात्री बरणीत चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरीटमध्ये भिजत घालायची, सकाळी ढवळून मलमलीतून गाळायची, कापसाला मलमल गुंडाळून त्या गादीने लाकडावर हात फिरवायचा. एकावर एक असे पंधरा-वीस हात बसले की सागवान आतून उजळल्यासारखं दिसतं. लाखेच्या किड्याने फांदीवर केलेलं आवरण स्पिरीटमध्ये विरघळतं आणि स्पिरीट उडून गेलं की पुन्हा घट्ट होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अण्णांना ते बोटांना ठाऊक होतं.

एक दिवस सदाशिव पेठेतल्या काकू टीपॉय घेऊन आल्या. मधोमध पांढरी कडी उमटलेली, गरम चहाच्या पातेल्याची. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं की सगळं घासून नव्याने पॉलिश करावं लागेल. अण्णांनी टीपॉय खिडकीशी नेला, तिरपा धरून पाहिला, नखाने कडीवरून हलकेच ओढलं. मग गादीला नावापुरतं स्पिरीट लावलं. इतकं थोडं, की गालाला लावली तर फक्त गार लागावी. आणि कडीवरून सरसर, कुठेही न थांबता हात फिरवला. चार-पाच फेऱ्यांत पांढरेपणा गेला. थोडा उरला होता तो चाळलेली राख आणि खोबरेल यांनी बोटाने चोळून काढला. काकूंनी पर्स उघडली तर अण्णा म्हणाले, "राहू द्या हो, एवढ्याचे काय पैसे घ्यायचे?"

त्या रात्री मी आणि माझे यजमान खूप वेळ बोलत बसलो. पूर्ण पॉलिशचे पैसे घ्यायला आम्हाला संकोच नव्हता. पण पूर्ण पॉलिशची गरजच नाही, हे ओळखण्याचे मात्र आम्ही काहीच घेत नव्हतो. खरी विद्या तर त्या नखात आणि तिरप्या नजरेत होती. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, आपण डाग बघण्याचेच पैसे घेऊ या." त्यांना ते पटायला वर्ष लागलं. शेवटी ठरलं ते असं: घरी येऊन पाहणीचे दोनशे रुपये, काम दिलं तर बिलातून वजा. पहिले काही महिने लोक बिचकले. पण "पॉलिश नको, एवढंच करा" असं सांगणाऱ्या पॉलिशवाल्याचं नाव चाळीतून सोसायटीत आणि सोसायटीतून बंगल्यात आपोआप जातं, हा आमचा अनुभव आहे. जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च कधी केलाच नाही.

पाहणीला गेलं की आम्ही एकच गोष्ट शोधतो. डाग पॉलिशच्या वर आहे, पॉलिशच्या आत आहे, की लाकडात उतरला आहे? पांढरा डाग बहुतेक वेळा पॉलिशमध्ये असतो. उष्णतेने थर मऊ पडतो, बाष्प आत अडकतं आणि पुढे उजेड जात नाही, म्हणून तो दुधी दिसतो. लाकडाला काहीही झालेलं नसतं. काळा डाग दिसला की समजायचं, पाणी पॉलिश ओलांडून लाकडापर्यंत पोचलं आहे. लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. खिळ्याचं, पत्र्याच्या ट्रंकेचं, कुंडीच्या लोखंडी तिवईचं लोह पाण्यातून त्याला भेटलं की काळं संयुग तयार होतं. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून पोथ्यांची शाई करत. तुमच्या टेबलावर नेमकी तीच शाई तयार झालेली असते, आणि शाई घासून जात नाही. घासणारा लाकूड खणत जातो, डाग खालीच राहतो.

यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. अण्णा ते क्वचितच वापरायचे, लिंबावर भागवायचे. लिंबाने डाग फिका पडतो, जात नाही. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने ते काम माझ्याकडे घेतलं. कोथरूडमधलं एक सागवानी जेवणाचं टेबल होतं. पॉलिश उतरवलं, काचेच्या भांड्यात अर्धा लिटर गरम पाण्यात तीन चमचे स्फटिक विरघळवले आणि ब्रशने लावलं. डाग डोळ्यांदेखत विरत गेला. मी एकदाच ओल्या फडक्याने पुसून घेतलं, दोन दिवस वाळू दिलं, पॉलिश झालं, टेबल पोचवलं. पंधरा दिवसांनी फोन आला: टेबलावर बुरशीसारखं पांढरं काहीतरी येतंय. जाऊन पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. बुरशी नव्हती. न धुतलेलं ऑक्झॅलिक पॉलिशखाली पुन्हा स्फटिक होऊन बसलं होतं. सगळं टेबल परत आणलं, पॉलिश काढलं, स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुतलं, आठवडाभर वाळवलं आणि नव्याने केलं. पैसे घेतले नाहीत. अण्णा एका शब्दानेही बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्यांनी फक्त पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "पोरी, औषध लावणं निम्मं काम. काढणं उरलेलं निम्मं."

तेव्हापासून आमच्याकडे रीत अशी आहे: ऑक्झॅलिक फक्त डागावर नाही, पूर्ण फळीला लावायचं, नाहीतर काळ्या डागाच्या जागी फिका डाग मिळतो. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं, धातूचं नाही. पितळी कड्या, बिजागऱ्या आधी काढायच्या. हातात मोजे. आणि नंतर पॉलिश पेपर मारताना तोंडाला मास्क, कारण ती धूळ घशाला फार झोंबते. हे विष आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी आम्ही ते पुडीत बांधून देत नाही. लहान मुलं असलेल्या घरात स्वयंपाकघराच्या कपाटात पांढऱ्या पावडरीची पुडी ठेवली जाऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

दुसरी चूक तेलाच्या चिंध्यांची. त्यात नुकसान थोडक्यात टळलं. झोपाळ्याच्या पाटाला जवसाचं तेल लावून चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या होत्या. रात्री अकराला शेजारच्या वहिनींनी धूर पाहिला. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून वाळतं आणि वाळताना तापतं. चिंध्या बोळ्यात दाबलेल्या असल्या की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता त्या पेटतात. बाजूलाच स्पिरीटचे कॅन होते. आता चिंधी वापरून झाली की पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात जाते किंवा बाहेर तारेवर सुटी वाळते. घरी कोणी जवसाचं तेल लावत असेल तर हे एक कृपा करून लक्षात ठेवावं.

फर्निचर बदलत गेलं तसं आम्हालाही शिकावं लागलं. चपडीनंतर लॅकर आलं, मग मेलामाईन, मग पीयू (पॉलियुरेथेन). वरून पाहून कळत नाही, म्हणून टेबलाखाली न दिसणाऱ्या जागी स्पिरीटचा थेंब टाकून बघतो. चिकट झालं तर चपडी. स्पिरीटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू, आणि तिथे अण्णांची ती गार गादी चालत नाही. बाणेर, औंधच्या नव्या फ्लॅटांमध्ये बहुतेक सगळं प्लायवर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिथे घासायला सुरुवात केली की संपलंच. फळीच्या कडेला बघायचं, वरची रेघ कडेवरून खाली उतरत असेल तर लाकूड सलग आहे.

घरगुती उपायांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सर्वांत जास्त नुकसान साबणाने होतं, विशेषतः हळदीच्या डागावर. हळदीला अल्कली, म्हणजे साबण-चुन्यासारखं काही, लागलं की ती लाल होते. कुंकू तसंच तर करत, हळदीला चुना लावून. पाटावर, चौरंगावर हळद सांडली आणि घाबरून साबण लावला की पिवळ्याचं तांबडं होतं, मग आम्हाला फोन येतो. हळदीला उतारा उन्हाचा. तिचा रंग प्रकाशात टिकत नाही. पुसून घ्यावं आणि चौरंग रोज तासभर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावा. डागापुरती खिडकी ठेवून बाकीचं झाकू नये, कारण उन्हाने लाकडाचा रंगही थोडा बदलतो आणि तो सगळीकडे सारखा बदललेला बरा. देव्हाऱ्यात समईचं तेल मुरलेलं असेल तर टर्पेंटाइनमध्ये कालवलेली मुलतानी मातीची लगदी जाड थापून वाळू द्यावी, तेल मातीत चढतं. दोन-तीनदा करावं लागतं. अर्थात दिवा शांत करून, खिडक्या उघडून. बॉलपेनच्या शाईवर स्पिरीट मात्र जपून. शाई विरघळेल तशी चपडीही विरघळेल.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सहकारनगर, बिबवेवाडीकडून फोन सुरू झाले. तळमजल्यावरची घरंच्या घरं भिजली होती. अण्णांचं वय झालेलं, तरी ते टेम्पोत आमच्याबरोबर बसले. सोसायटीच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी सामान उन्हात मांडलं होतं. अण्णा काठी टेकत एकेका कुटुंबापाशी गेले आणि तेच सांगत राहिले, "सावलीत घ्या, सावलीत घ्या." चिखल साध्या पाण्याने काढायचा, ड्रॉवर बाहेर काढून ठेवायचे, खाली विटा देऊन वारा खेळता ठेवायचा. पहिला महिना आम्ही कुणाचंही पॉलिशचं काम घेतलं नाही. ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आठवड्याला चक्कर मारायचो. आकडा १२ टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत हात लावायचा नाही. प्लायचं जे फुगलं होतं ते वाचलं नाही, हे स्पष्ट सांगितलं. सागवानी आणि शिसवी जवळजवळ सगळं उभं राहिलं, पायांवरचे काळे डाग ऑक्झॅलिकने गेले. जे गेले नाहीत ते बुरशीचे होते, त्यांना निराळं औषध लागतं.

मग २०२०. कारखाना बंद, कारागिरांचे पगार जमतील तसे दिले. उघडलं तेव्हा एकाच तऱ्हेची कामं आली: दाराजवळच्या टेबलावर सॅनिटायझरच्या बाटलीभोवती पांढरे, चिकट चट्टे. त्यात अल्कोहोल, आणि अल्कोहोल म्हणजे चपडीचं पाणी करणारं. जिथे थर शिल्लक होता तिथे गादीने सांधून घेतला. त्या कामांनी आम्हाला पुन्हा पायावर उभं केलं.

आज आम्ही सात जण आहोत. त्यातल्या चार बायका आहेत, ज्यांनी आधी कधी पॉलिशला हात लावला नव्हता. घरी जाऊन करायच्या कामात त्यांचा फार मोठा उपयोग होतो. घरातल्या आजी त्यांना मोकळेपणाने सांगतात की काय सांडलं, कधी सांडलं आणि त्यावर आधी काय काय लावून पाहिलं. हे शेवटचं कळलं की निम्मा वेळ वाचतो. पावसाळ्यात चपडीचं काम आम्ही अजूनही घेत नाही. दमट हवेत हात मारला की थर लगेच दुधी होतो. त्या दिवसांत दुरुस्त्या, मेण, तेल.

अण्णा रोज दहाला येतात, बरण्यांची झाकणं उघडून वास घेतात आणि खिडकीशी बसतात. आत्ता त्यांच्यासमोर एक लग्नाचा चौरंग आहे, हळदीच्या दिवशी भरपूर माखलेला. साबण लागलेला नाही, त्यामुळे बेत सोपा आहे. पाच दिवस सकाळचं ऊन दिलंय. मधला भाग निवळलाय, कडेला नक्षीच्या खाचांत अजून पिवळं आहे. काल अण्णांनी तो तिरपा धरून पाहिला आणि म्हणाले, अजून तीन दिवस.