वर्ग-२ची जमीन: आधी तिचं मूळ शोधा, मग इसार द्या

सातबाऱ्याच्या वरच्या भागात ‘भूधारणा पद्धती’ असा रकाना असतो. वावर घेणारा माणूस मालकाचं नाव बघतो, क्षेत्र बघतो, विहिरीची नोंद बघतो आणि हा रकाना न वाचताच इसार देऊन मोकळा होतो. तिथे ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल तर हस्तांतरणावर बंधन आहे, एवढं पक्कं समजावं. बंधन कोणतं, हे मात्र त्या दोन शब्दांवरून कळत नाही. वेगवेगळ्या कायद्यांखाली आलेल्या जमिनींवर हाच एक शिक्का असतो आणि प्रत्येकीची वाट निराळी असते.

विदर्भात सगळ्यात जास्त घोळ कुळाच्या आणि वाटपाच्या (सरकारने वाटून दिलेल्या) जमिनींत होतो. १९५८च्या विदर्भ कुळवहिवाट कायद्याखाली कुळाने विकत घेतलेली जमीन वर्ग-२मध्ये येते. २०१४च्या दुरुस्तीनंतर, त्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर ती शेतीसाठी विकायला आधी परवानगी लागत नाही. आकाराच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम सरकारजमा करावी लागते. आकार ६ रुपये असेल तर २४० रुपये. घेणारा शेतकरी हवा आणि सीलिंगच्या (कमाल जमीनधारणेच्या) मर्यादेत हवा.

आता त्याच धुऱ्याला (बांधाला) लागून सरकारने भूमिहीनाला दिलेलं वावर धरा. तेही वर्ग-२च, पण ते १९६६च्या जमीन महसूल अधिनियमाखाली दिलेलं. ते विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, किंवा आधी वर्ग-१ (हस्तांतरणाचं हे बंधन नसलेली धारणा) करून घ्यावं लागतं. मार्च २०१९च्या नियमांत शेतजमिनीसाठी रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) किमतीच्या ५० टक्के अधिमूल्य, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, ठरलं, सवलतीची मुदत संपल्यावर ७५ टक्के. ही मुदत पुढे वाढत गेली आहे, त्यामुळे अर्जाच्या दिवशी कोणता दर लागू आहे ते तहसीलमधून लेखी घ्या. हिशोब असा: दर हेक्टरी ६ लाख, क्षेत्र १ हेक्टर २० आर, किंमत ७ लाख २० हजार, त्याचे ५० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. एका धुऱ्याला २४० रुपये, दुसऱ्याला साडेतीन लाखांच्या वर. ‘चाळीस पट भरलं की झालं’ हे गावात ऐकलेलं वाक्य वाटपाच्या जमिनीला लावलं, की व्यवहार बुडालाच म्हणून समजा.

सीलिंगमध्ये निघालेल्या आणि वाटलेल्या जमिनीला सीलिंग कायद्याचं कलम २९ लागतं. २०१९चे नियम तिच्यासाठी नाहीत. भूदानाचं तर त्याहून वेगळं. विदर्भात भूदानाला १९५३चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू आहे. भूदानधारक ती कसू शकतो, त्याच्यामागे वारसांकडे ती जाते, पण त्याला ती विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि त्याआधी शासनाची मान्यता, दोन्ही लागतात. मेळघाट, केळापूर, गडचिरोलीकडे व्यवहार करताना पहिली चौकशी हीच हवी.

मूळ शोधायचं कसं? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात फेरफार (हक्क बदलाची नोंद) क्रमांक असतो. सध्याच्या पटवाऱ्याकडून (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) तो फेरफार, म्हणजे नमुना सहाची नक्कल घ्या. फेरफारात वाटपाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळते. त्यावरून तहसीलच्या अभिलेख कक्षातून मूळ आदेशाची नक्कल मागा. अटी त्या आदेशात असतात. जोडीला नमुना १-क बघा, वर्ग-२च्या जमिनींची ती नोंदवही. जुने फेरफार स्कॅन केलेले असतील तर ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. तो घ्या, पण त्यावर थांबू नका. संगणकीकरणात वर्ग-२चा वर्ग-१ चुकून पडला असेल, तर तो दुरुस्त होऊ शकतो आणि तेव्हा जमीन तुमच्या नावावर असते.

परवानगीशिवाय घेतलेल्या वाटपाच्या जमिनीचं खरेदीखत नोंदवलं गेलं, तरी त्याने दोष जात नाही. फेरफार नामंजूर होतो, शर्तभंगाचं प्रकरण उघडतं आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. विकणारा पैसे घेऊन बसलेला असतो, घेणाऱ्याचं वावर आणि पैसा दोन्ही अडकतं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर ‘परवानगी मिळाल्यावर खरेदी’ असं लिहून ताबा देणं हाही शर्तभंगच ठरू शकतो.

थेट सरकारकडूनच जागा मागायची असेल, तर आधी ती देता येण्याजोगी आहे का ते तपासा. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वाशिमकडे जिला ई-क्लास म्हणतात ती बहुतेक चराईची जमीन. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११च्या निकालानंतर राज्याने १२ जुलै २०११ला निर्णय काढला. त्यानंतर गायरान खासगी माणसाला मिळण्याची वाट बंद आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत निस्तार पत्रक बघा. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून, खळं कुठे, स्मशान कोणतं, हे सगळं त्यात गट किंवा खसरावार लिहिलेलं असतं. तिथे नोंद असलेली जागा गावाची.

आणि याच सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल. नुसतं बोराटी-पळसाचं माळरान दिसतं, म्हणून लोकांना ते मोकळं वाटतं. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशाप्रमाणे ही जमीन वनजमीनच समजायची. केंद्राच्या मान्यतेशिवाय तिचा दुसरा वापर होत नाही. तिथे तुमचा अर्ज तहसीलदारांच्या हातचा राहतच नाही. ‘झुडपी’ हा शब्द जुन्या रेकॉर्डात दिसला की दुसरी जागा शोधलेली बरी.

अतिक्रमणाची नोंद नमुना १-ईमध्ये होते आणि दंडाची पावती मिळते. ती पावती जपून ठेवलेली बरीच घरं आहेत, पण ती मालकीचा पुरावा नाही, उलट जागा सरकारची असल्याची कबुली आहे. बारा वर्षांच्या ताब्याने सरकारी जमीन आपली होते हाही गैरसमज. सरकारविरुद्ध दाव्याची मुदत ३० वर्षांची आहे आणि ताबा सिद्ध करणं सोपं नाही.

जागा देण्याजोगी असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, तहसीलमार्फत. नकाशा, हेतू, किती आर लागणार, आणि एवढंच क्षेत्र का, हे त्यात लिहा. क्षेत्र अंदाजे लिहिलं की मोजणीत फरक निघतो आणि प्रस्ताव परत येतो, म्हणून भूमी अभिलेखची मोजणी आधी उरकून घ्या. पुढे पटवाऱ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, हरकतींचा जाहीरनामा, मूल्यांकन. ठरावात गट क्रमांक आणि क्षेत्र स्पष्ट नसेल तर तोही अपुरा धरला जातो. रक्कम ‘ग्रास’ (सरकारी ऑनलाइन भरणा) चलनानेच भरा. रोख कोणाच्याही हातात देऊ नका. आदेश झाला तरी ताबा पावती, हद्दीच्या खुणा आणि फेरफार या तिन्ही गोष्टी पुऱ्या होईपर्यंत कुंपण घालू नका.

अनुसूचित जातीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाने ई-क्लासच्या मागे वर्षं घालवण्यापेक्षा समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेत अर्ज करावा. सरकार खासगी जमीन विकत घेऊन ४ एकर जिराईत किंवा २ एकर बागाईत देतं. २०१८पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. ती जमीनही विकता येत नाही, हे घरातल्या पुढच्या पिढीला सांगून ठेवा.

एका हंगामापुरतंच वावर हवं असेल, तर धरणाचं पाणी उतरल्यावर मोकळी होणारी गाळपेर जमीन जलसंपदा विभागाकडून भाडेपट्ट्याने मिळते. ज्यांची जमीन बुडाली त्यांचा हक्क आधी. ओलीवर हरभरा चांगला येतो. मात्र पाणी परत चढलं तर भरपाई मागता येत नाही, म्हणून अगदी काठाजवळचा पट्टा घेऊ नका.

अर्ज नामंजूर झाला तर आदेशाची प्रत त्याच आठवड्यात मागा. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाला ६० दिवस, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९० दिवस. नकलेसाठी गेलेले दिवस या मुदतीतून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज कोणत्या तारखेला केला याची पोच जपून ठेवा.