ई६

रविवारची दुपार, मे महिना. आमरस जरा जास्तच झाला होता. एसी लावून आडवा झालो, पण घाम काही थांबेना. डोळे किलकिले करून वर पाहिलं, २६. ठीक आहे म्हणून कूस बदलली. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं, २६च. असा अर्धा तास मी २६ अंशांत निथळत पडलो होतो. शेवटी चष्मा लावला, तेव्हा कळलं की ते २६ नाहीच, ई६ आहे. त्या लाल काड्यांच्या आकड्यांत दोन आणि ई चुलतभाऊच दिसतात.

आमच्याकडे साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी आहे. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राची पुस्तिका तिच्यात जाते. यंत्रं भंगारात गेली तरी पुस्तिका जात नाहीत, हा माझा हट्ट. मेलेल्या मिक्सरच्या दोन आणि व्हीसीआरची एक बाजूला सारल्यावर एसीची सापडली. शेवटच्या पानावर तक्ता होता. ई६ : आतील व बाहेरील युनिटच्या संपर्कात बिघाड. उपाय : सेवा केंद्राशी संपर्क साधा. ई१ला तोच उपाय, एफ२लाही तोच. म्हणजे हा निरोप आपल्यासाठी नसतोच. डॉक्टर आपल्यासमोर चिठ्ठी लिहितात, पण ती वाचायची केमिस्टनं, तसला प्रकार.

बरं, भाषा तरी एक असावी? दर बारा कोसांवर बोली बदलते, इथं दर कंपनीगणिक. हेच दुखणं डायकिनमध्ये यू४, एलजीत सीएच०५. आणि डायकिनमध्ये ई६ दिसलं तर ते कॉम्प्रेसरचं गाऱ्हाणं. शेजाऱ्यांचा सल्ला म्हणूनच ऐकू नये.

अकोल्याच्या घरी कूलर होता. लोखंडी घोडीवर, खिडकीला टेकवलेला. त्याला आकडे नव्हते, पण त्याचं सगळं बाबांना कळायचं. वाळ्याची ताटी एकाच कोपऱ्यात सुकली, तर वरच्या पाइपाचं भोक बुजलं. बाबा टाचणी घेऊन ती भोकं एकेक मोकळी करत. कटकट आवाज आला, तर पातं घासतंय. कुबट वास आला, तर पाणी बदला. मोटर नुसती घुरघुरत असेल, तर तिच्या जाळीत वाळ्याचा कचरा. आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर स्लिपर घालून ये, गाढवा. पंचेचाळीस अंशांच्या त्या दुपारी वाळ्याचा ओला वास आला की आम्ही फरशीवर चटई टाकून अंगाला अंग लावून झोपायचो. कूलरच्या तोंडासमोरची जागा आजीची.

कूलर पोटभर पाणी प्यायचा. नळ एक दिवसाआड. हौदातून बादल्या भरून आणायच्या, दादानं सहा, मी सहा. मी चौथ्या बादलीला पायात काटा रुतवून घ्यायचो. काटा कधी सापडायचा नाही आणि दादा मुकाट्यानं माझ्या दोन भरायचा. आईला सगळं दिसायचं.

असो. एमसीबी पाडला, पाच मिनिटं थांबलो, पुन्हा चढवला. कॉम्प्रेसर लगेच उठत नाही, आतला दाब सारखा व्हायला त्याला तीनेक मिनिटं लागतात. आपण मात्र तेवढ्यात रिमोटची सगळी बटणं दाबून घेतो. २६ आलं. थंड झुळूकही आली. आणि झोप लागता लागता पुन्हा ई६. बोर्डच गेला असणार, आता चांगलाच खर्च, अशी शंकेची पाल चुकचुकली.

सोमवारी मेकॅनिक आला. आत आणि बाहेरच्या युनिटमध्ये एक सिग्नलची वायर असते, तिला कुठं जॉइंट मारलाय का, हे त्यानं आधी पाहिलं. नव्हता. मग बाल्कनीच्या कठड्यावर पाय टाकून (मी डोळे मिटून घेतले) त्यानं बाहेरच्या युनिटचं झाकण उघडलं.

"काका, पाल."

खरीच पाल. वायरी जिथं कसतात त्या पट्टीवर आडवी, वाळून खडंग. त्यानं ती चिमट्यानं काढली, ब्रशनं जागा साफ केली, वायरी पुन्हा कसल्या. बोर्ड शाबूत होता. माझ्या शंकेची पाल कागदात गुंडाळून तो गेला.

हे कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. दादाला अकोल्याला फोन लावला. बऱ्याच दिवसांनी. तो खूप हसला. म्हणाला, "आपल्याकडे अजून बाबांचाच कूलर आहे. परवाच ताट्या बदलल्या."

"आणि पाणी कोण भरतं?"

"मीच भरतो ना बे. दुसरं कोण आहे इथं?"