आमची वाटचाल : माणग्याची काठी ते फर्निचर

आम्ही कुडाळचे. बाबा माणगा बांबूच्या काठ्या घाटावर पाठवायचे, टोमॅटोला आधार द्यायला वगैरे, आणि याच काठीच्या खुर्च्या का होऊ नयेत हे माझ्या डोक्यात बसलं त्यातून हे छोटं युनिट उभं राहिलं. माणगा आतून जवळजवळ भरीव, काटे नाहीत, फर्निचरला याच्यासारखा बांबू नाही हे माझं ठाम मत.

नवा पोरगा कामावर आला की मी आधी काठी आडवी कापून त्याच्या हातात देतो. कापलेल्या तोंडावर बारीक काळपट ठिपके दिसतात, सालीकडे एकदम दाट आणि आत जाल तसे विरळ. प्रत्येक ठिपक्यात पाणी नेणाऱ्या नळ्या आणि त्यांच्याभोवती धाग्यांचं वेष्टण. नववीला दृढ ऊती शिकलो ना, त्याच या, जाड भिंतींच्या पेशी, त्यात लिग्निन म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ भरलेला, काठीची ताकद मुख्य म्हणजे यांच्यात, स्लॅबमधल्या सळयांसारखी. मधल्या मऊ पेशींत स्टार्च साठतो आणि भुंगा येतो तो त्यासाठीच. त्यामुळे गिऱ्हाईकाला कितीही गुळगुळीत हवं असलं तरी आम्ही साल फार तासत नाही, आणि कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवल्याशिवाय एकही काठी कामाला घेत नाही.

बांबूचा कोंब जमिनीतून जेवढा जाड येतो तेवढाच जाड राहतो, उंचीही एका हंगामात पूर्ण होते, पण काठी तेव्हा कच्चीच असते, धाग्यांच्या भिंती जाड व्हायला पुढची दोन-तीन वर्षं जातात. कच्ची काठी सुकताना आक्रसते, सांधा ढिला होतो. म्हणून तीन वर्षांच्या आतली काठी आम्ही घेतच नाही. शेतकरी आधी म्हणायचे अख्खं बेट एकदमच न्या की, आता तेच दरवर्षी नव्या काठीवर रंगाने वर्ष लिहून ठेवतात, याचा मला फार आनंद आहे.

२०१७ ला वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू काढला, खाजगी जमिनीतला बांबू मोकळा झाला, तो निर्णय खरंच चांगला झाला.

सध्या बाक आणि झोपाळ्यांचं काम जोरात चालू आहे. कुडाळ-सावंतवाडीकडे कोणाच्या बांधावर जून माणगा असेल तर तोडायच्या आधी सांगा, दिवाळीनंतर आमची माणसं येऊन काठी निवडून नेतात, बेटाला धक्का लावत नाहीत.