स्टेन्सिलवरची नावं

आपल्या शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आन् मला आधी काय आठवलं असेल तर ऑफिसातली सायक्लोस्टाइल मशीन, स्टेन्सिलच्या कागदावर लिहून हँडल फिरवलं की कॉप्या निघायच्या ती. बाकीच्यांना ग्राउंड, गॅदरिंग आठवतं, मला ती हाताची न निघणारी काळी शाई. चाचणीचे पेपर काढायला इंग्रजीच्या बाई आम्हा दोघी-तिघींना थांबवून घ्यायच्या (पेपर खालच्या वर्गाचे बरं का, उगं गैरसमज नको), एकीनं हँडल फिरवायचं, एकीनं कागद सरळ करायचे आन् बाईंनी गोष्ट सांगायची.

जो ॲन रॉबिन्सनची गोष्ट तिथंच ऐकली. अमेरिकेत मॉन्टगोमेरी शहरात काळ्या माणसांना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागायची. 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स उठल्या नाहीत, अटक झाली, हे सगळ्यांना माहितंय. पण त्याच रात्री कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ही बाई एक सहकारी आन् दोन विद्यार्थी घेऊन मशीनवर बसली आन् हजारो पत्रकं काढली, की सोमवारी कुणी बसमध्ये बसू नका. ते पुढं 381 दिवस चाललं. "अशीच मशीन, आन् ती पण इंग्रजीचीच बाई," बाई म्हणल्या. आम्ही नुसत्या हसलो.

आमचं दुखणं पण गाडीचंच होतं ना. फाट्यावर पासवाल्या पोरी दिसल्या की सकाळची गाडी थांबायचीच नाही, मग धुळीतनं चालत यायचं, पहिला तास बुडायचा, घरचे म्हणायचे राहू दे शाळा. त्या वर्षी तिघींची नावं काढलीच. बाई म्हणल्या अर्ज करा. मी लिहिला, "आम्ही समस्त ग्रामस्थ", आन् खाली सगळ्यांच्या वडलांची नावं. बाईंनी ती खोडली. "गाडीत कोण बसतंय गं, तू का तुझा बाप?" मग मुक्ता साळवेचं सांगितलं, सावित्रीबाई-जोतिबांच्या शाळेतली मांगाची पोर, तिचा निबंध 1855 ला ज्ञानोदय नावाच्या नियतकालिकात तिच्या नावानं छापून आला होता.

एकोणीस पोरींची नावं स्टेन्सिलवर गेली. आमचे दादा दोन दिवस बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी एक कॉपी खिशात घालून मामाला दाखवायला गेले! गाडी थांबायला लागली, सकाळचीच फक्त. संध्याकाळी आम्ही चालतच यायचो.

आता मी तालुक्याला वकिली करते, ऊसतोडीच्या बायका येतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आन् माझ्याकडं येतात त्यातल्या बहुतेकींचं मुकादमाच्या (टोळी नेणाऱ्याच्या) वहीत नावच नसतं. हिशोबाचं भांडण झालं की बाईकडं दाखवायला काही नाही. म्हणून मी पहिलं विचारते, मावशी, तुमचं नाव कुठंय? बऱ्याच जणी नवऱ्याचं सांगतात.

क्लॉडेट कोल्विनचं मला लई उशिरा कळलं, मोबाइलवर वाचताना. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, 2 मार्च 1955 ला ही पंधरा वर्षांची शाळकरी पोर तिथल्याच बसमध्ये बसून राहिली होती. ज्या केसमुळं तो बसचा नियम कोर्टात पडला त्यात तिचं नाव होतं, तरी लोकांच्या तोंडी नाही. मुक्ताचा निबंधपण फेब्रुवारी-मार्चमधलाच, बरोबर शंभर वर्षं आधीचा. हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

आन् हो, त्या अर्जाची कॉपी कुणाकडं असेल किंवा ऑफिसच्या जुन्या कपाटात सापडली तर ग्रुपवर फोटो टाका. तिसरं नाव माझंय, आडनावाची वेलांटी चुकलेली.