आधी गोयोपंतांना

दिवे घाटात पोटऱ्या भरून येतात, पण निदान श्वास पुरतो. पासो दे कोर्तेसच्या खिंडीत तोही पुरेना. साडेतीन हजार मीटरच्या वरची उंची, डिसेंबरची पहाट आणि वाऱ्याबरोबर आलेली बारीक राख दाताखाली करकरत होती. डावीकडे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी धूर सोडत उभा, उजवीकडे इस्ताक्सीवात्ल डोंगर आडवा, झोपलेल्या बाईसारखा. दोघांच्या मधून आमची रांग.

नोकरीमुळे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहायला आलो, ते तिसरं वर्ष. माझ्या घरमालकीणबाई साठी उलटलेल्या, पण दरवर्षी ग्वादालूपे मातेला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला, पायी जातात. १२ डिसेंबरला मेक्सिको सिटीत तेपेयाक टेकडीच्या पायथ्याशी पोचायचं, हा नेम. 'आमच्याकडेही असं चालतात' असं एकदा बोलून गेलो आणि अडकलो. "मग चल की, मिहो," त्या म्हणाल्या. मिहो म्हणजे लेकरा.

पहिल्या दिवशी चोलुला लागलं. टेकडीवर चर्च दिसतं, पण ती टेकडी नव्हेच. गवताखाली भलाथोरला पिरॅमिड आहे. जुनं नहुआ भाषेतलं नाव त्लाचिवाल्तेपेत्ल, हातांनी रचलेला डोंगर. अॅझ्टेक लोकांची भाषाही हीच. तिच्यात गावाला शब्द आहे 'आल्तेपेत्ल', म्हणजे शब्दशः 'पाणी-डोंगर'. डोंगर हा आतून पाण्याने भरलेला रांजण, अशी त्यांची समजूत. पावसाचा देव त्लालोक डोंगरातच राहायचा. वर ढग अडकले की खाली मका पिकणार, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

वाटेत लोक तसबिरी पाठीला बांधून चालत होते. मशाली घेतलेली पोरं धावत पुढे निघून जात. प्रत्येक गावात गरम तामाल आणि मक्याच्या पिठाचं आतोले हातात कोंबलं जाई. नको म्हणायची सोय नाही. टाळ-मृदंगाची सवय असलेल्या कानाला फटाक्यांचा वैताग आला, हेही सांगून टाकतो.

मशाली पाहून मला ती प्रसिद्ध गोष्ट आठवली. पोपो योद्धा, इस्ता राजकन्या. तो लढाईवर गेलेला असताना कुणीतरी खोटंच सांगतं की तो मेला. ती झुरून प्राण सोडते. तो परत येतो, तिला उंचावर निजवतो आणि मशाल घेऊन पायाशी उभा राहतो. बर्फ दोघांना झाकतं, माणसांचे डोंगर होतात. मशालीचा धूर अजून निघतोच आहे. गॅरेजपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे कॅलेंडरवर हेच चित्र.

बाईंनी नाक मुरडलं. "ती कॅलेंडरातली गोष्ट. आमच्याकडे दोघं नवरा-बायको आहेत, आणि संसार चालू आहे."

त्या खिंडीच्या अलीकडच्या शालित्सिंत्ला गावच्या. तिथे पोपोला 'दोन गोयो' म्हणतात. मराठी कानाला आकडाच ऐकू येतो, पण 'दोन' म्हणजे आपलं राव किंवा पंत, आणि गोयो हे ग्रेगोरीचं लाडकं नाव. १२ मार्चला, संत ग्रेगोरीच्या दिवशी, गोयोपंतांचा वाढदिवस असतो. पाऊस-गारांशी बोलणारे तिएम्पेरो कपडे, फळं, जेवण घेऊन वर जातात. १९९४च्या डिसेंबरात कित्येक दशकांची झोप मोडून डोंगर जागा झाला, तेव्हापासून सरकार त्याच्यापासून १२ किलोमीटर लांब राहायला सांगतं. "पाहुण्याला सांगावं," बाई म्हणाल्या. "घरच्याला काय सांगायचं?"

खिंडीत उजाडलं. इस्ताचं डोकं, छाती, गुडघे, पाय, सगळं एका रेषेत स्पष्ट. १५१९मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसचं सैन्य इथूनच अॅझ्टेकांच्या राजधानीकडे उतरलं, म्हणून खिंडीला त्याचं नाव. नावं कुणाची राहतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

बाईंनी पिशवीतून 'आलेग्रिया' काढली आणि मी चाट पडलो. राजगिऱ्याची वडी! वर भोपळ्याच्या बिया खोचलेल्या. आषाढीला आई डब्यात द्यायची तीच चव, फक्त गूळ वेगळा. राजगिरा मुळात इकडचाच, आपल्याकडे मागाहून आला. सोळाव्या शतकात सहागुन नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की डिसेंबरात, पाणी उतरण्याच्या अतेमोस्त्ली महिन्यात, घरोघरी राजगिऱ्याच्या पिठाचे डोंगर बनत. दात भोपळ्याच्या बियांचे, डोळे घेवड्याच्या दाण्यांचे. रात्रभर नैवेद्य, गाणी. सकाळी विणकामाच्या लाकडी पट्टीने त्यांची छाती फोडायची, आणि मग तो डोंगर सगळ्यांनी वाटून खायचा.

मी हे सांगत होतो तोवर बाईंनी वडीचा कोपरा मोडला, पोपोच्या दिशेने फेकला. "आधी याला." मग दुसरा तुकडा इस्ताकडे. उरलेलं माझ्या हातावर.

पुढचे दोन दिवस उताराचे आणि फोडांचे. अमेकामेका गावानंतर नुसता डांबरी रस्ता आणि ट्रक. बॅसिलिकेत मातेच्या तसबिरीखालून सरकता पट्टा नेतो, कुणाला थांबता येऊ नये म्हणून. माझं दर्शन काही सेकंदांत आटपलं. बाई तीनदा फिरून आल्या.

मग आम्ही तेपेयाक टेकडीवर चढलो. स्पॅनिश येण्याआधी इथे तोनान्त्सिनला, 'आमच्या आई'ला, लोक लांबून यायचे. बाई कठड्याला टेकून आग्नेयेकडे बघत राहिल्या. शहरावर धुरकं, डोंगरांचा पत्ता नाही.

"दिसत नाहीत," मी म्हणालो.

"आहेत," त्या म्हणाल्या आणि बूट काढून पायाचे फोड बघू लागल्या.